तात्या, ‘या पावणं’ म्हणालात त्याबद्दल

तात्या,

गगनबावड्याच्या वरच्या अंगाची वाडी सोडून आपण कोल्हापुरात आलो तेव्हा मी चार वर्षांची होते. टेम्पोत पुढं तुम्ही, आई आणि मी. मागं दोन म्हशी. प्रत्येक वळणाला तुम्ही मागच्या फटीला तोंड लावून त्यांना हाक मारत होता, आणि आई म्हणत होती, आमास्नी बी एकदा इचारा की, बरं हाय का म्हणून. वाडीतली जमीन उताराची. दरवर्षी पावसात तिचा एक तुकडा खालच्या ओढ्यात जायचा. वाटणी झाली तेव्हा चुलत्यांनी उरलेली जमीन ठेवून घेतली आणि तुम्हाला दोन म्हशी दिल्या. तुम्ही म्हणालात, बरं झालं, म्हशी वाहून जात न्हाईत.

शहराच्या कडेला एका मोठ्या गोठ्याच्या भिंतीला टेकून पत्र्याची एक खोली होती. गोठामालकाच्या वीस म्हशींचं शेण काढायचं, त्यांना धुवायचं, या बोलीवर ती आपल्याला राहायला मिळाली. आई शेण्या, म्हणजे गोवऱ्या, थापायची. मधली भिंत इतकी पातळ होती की पलीकडच्या म्हशीनं अंग घासलं की आपल्या मांडणीवरची ताटं वाजायची. मी बाराखडी म्हशींच्या रवंथाच्या तालावर शिकले आहे. अंगाला, दप्तराला, वहीच्या पानांना एकच वास होता, आणि तो वास आहे हे मला शाळेत गेल्यावर दुसऱ्यांनी सांगितलं.

शाळेत नाव घालताना मास्तरांनी विचारलं, वडील काय करतात? तुम्ही पटकन म्हणालात, शेती लिवा. परत येताना मी विचारलं, आपली शेती कुठं आहे? तुम्ही म्हणालात, “शेती लिवलं की मास्तर फुडचं इचारत न्हाईत.” तेव्हापासून बी.ए.पर्यंतच्या माझ्या प्रत्येक फॉर्मवर आपली ती नसलेली शेती आहे.

तुम्ही आयुष्यभर काय केलंत ते तुम्हाला सांगायला नको. पण हे दुसरं कुणी वाचेल, कोल्हापूर न पाहिलेलं, म्हणून लिहिते. आमच्या गावात दूध विकणारा म्हैस घेऊनच बाजारात येतो. गंगावेशीत ठरलेला कट्टा आहे. रोज संध्याकाळी पाचच्या सुमाराला म्हशी तिथं येऊन उभ्या राहतात, गिऱ्हाईक ग्लास धरून समोर थांबतं, आणि त्याच्या डोळ्यांदेखत धार ग्लासात पडते. वर बोटभर फेस. दूध अजून कोमट असतं. गिऱ्हाईक उभ्यानंच पितं, मिशा पुसतं आणि निघतं. मापात खोट नाही, पाणी नाही, मधे कुणी नाही. दोनाच्या तीन म्हशी झाल्यावर तुम्ही मालकाचा गोठा सोडलात, स्वतःचं छप्पर घातलंत आणि कट्ट्यावर उभे राहिलात. मग वीसेक वर्षं, गोठा ते कट्टा आणि कट्टा ते गोठा. तुमचं कोल्हापूर तेवढंच, असं तुम्ही म्हणायचा.

ते खरं नव्हतं. जेवताना तुम्ही आईला दिवसभराचं सांगायचा ते ऐकत मी मोठी झाले. अमक्या गल्लीतल्या वहिनी एका ग्लासावरून एकदम किटली घेऊन आल्या, म्हणजे पोरगी बाळंतपणाला आली. तालमीतला तो उंच पोरगा आठ दिवस फिरकला नाही, म्हणजे कुस्ती हरला आणि आता लाजतोय. जोशीकाकांचं दूध निम्म्यावर आलं, म्हणजे धाकटाही पुण्याला गेला. एक पेन्शनर नवरा-बायको रोज जोडीनं यायचे. एकदा काका एकटेच आले. तुम्ही सवयीनं दोन ग्लास भरलेत. भरल्यावर तुमच्या ध्यानात आलं. एक त्यांच्या हातात दिलात आणि दुसरा त्यांच्यासमोर स्वतः प्यायलात. कट्ट्यावरचं दूध गिऱ्हाइकाचं, आपण त्याला तोंड लावायचं नाही, हा तुमचा नेम. तो तुम्ही मोडलेला मला माहीत आहे तो एवढाच.

एवढं शहर पोटात घेऊन बसलेला माणूस म्हणायचा, कोल्हापूर लोकांचं, आपण दूध घालायला आलेलं पावणं. आपलं भांडण होतं ते हेच. मी म्हणायची, एवढी वर्षं कुणी पाहुणा राहतं का? तुम्ही म्हणायचा, जावई ऱ्हातो की. आई हसायची आणि भांडण तिथं थांबायचं. ते कधी संपलं नाही.

मी बी.ए. झाले तेव्हा तुम्ही सगळ्या कट्ट्याला पेढे दिलेत. आपल्या दोन्ही घराण्यांत दहावीच्या वर कुणी गेलेलं नव्हतं. मग मी विद्यापीठात एम.ए.ला गेले, समाजशास्त्राला, आणि तुमचा सगळा जोर ओसरला. तो टेकाडावरचा परिसर, ती मोठी झाडं, रस्त्यात आडवे जाणारे मोर, ती उंच इमारत. एकदा मी डबा विसरले तर तुम्ही सायकलवर डबा घेऊन फाटकापर्यंत आलात आणि बाहेरूनच फोन केलात. मी म्हटलं, आत या, मोर दाखवते. तुम्ही पायाकडं बोट केलंत. चप्पल शेणाची हाय, म्हणालात, आणि डबा माझ्या हातात देऊन सायकलला टांग मारलीत. मी तुमच्या पाठीकडं बघत राहिले.

आता ती संध्याकाळ.

एम.ए.चं पहिलं वर्ष संपत आलं होतं. वसतिगृहात राहणारी शिल्पा माझी जिवाची मैत्रीण झाली होती. ती गडहिंग्लजची, घरचं किराणा दुकान, घरात निम्मं कानडी. ती मला म्हणाली, एवढं वर्ष झालं, तू मला तुझं कोल्हापूर कधी दाखवणार? मी म्हटलं, चल. मी तिला कुणाचं दूध, कुठलं दूध काही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की कोल्हापुरातलं सगळ्यात भारी दूध पाजते. आणखी दोघी बरोबर आल्या. मनात ठरवलं होतं, तुमच्यासमोर उभी राहीन, ग्लास त्यांच्या हातात देईन, त्या पीत असतानाच सांगेन. तोंडात वाक्यसुद्धा तयार होतं: हे माझे तात्या, आणि ही आमची म्हैस, चंद्री. बसमध्ये मी ते दोनदा मनात म्हणून बघितलं होतं.

तुम्ही चंद्रीच्या बुडाशी उकिडवे बसला होता. मान वर करून बघितलंत. मी दिसले, मागच्या तिघी दिसल्या, त्यांचे कपडे, त्यांच्या पिशव्या दिसल्या. तुमचा चेहरा क्षणात बदलला. दुकानदाराचा झाला. तुम्ही म्हणालात, “या पावणं. किती गलास?”

माझं वाक्य तसंच राहिलं. तुम्ही मान खाली घातलीत आणि धार काढायला लागलात. चार ग्लास भरलेत. मला देताना तुमचं बोट माझ्या बोटाला लागलं नाही, इतकी काळजी घेतलीत. मी पैसे पुढं केले. तात्या, तुम्ही ते घेतलेत.

पण चंद्रीला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. पैसे घ्या असं मी बोलले तो आवाज तिनं ऐकला. दावं ताणून ती वळली, ती लांब शिंगं माझ्या मैत्रिणींच्या मधून नेली आणि माझ्या खांद्यावर तोंड ठेवून ओढणी चाटायला लागली. परक्या माणसाला अंगाजवळ येऊ न देणारी म्हैस. शिल्पा मागं सरकली आणि हसत म्हणाली, “रूपाली, ही तुझ्या वळखीची दिसतीय गं.”

तुम्ही माझ्या आधी बोललात. सगळ्यांस्नी आसंच करती ती, म्हणालात.

आणि मी म्हटलं, “असेल.”

एवढंच. त्या एका शब्दाबद्दल मला तुमच्याशी बोलायचं होतं.

घरी आल्यावर तुम्ही रोजच्यासारखं जेवलात. आईला त्या दिवसाच्या गिऱ्हाइकांचं सांगितलंत, त्यात चार पोरींचं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी गोठ्यात मी तुम्हाला गाठलं. मला पावणं का म्हणालात? तुम्ही पेंड कालवत होता. हात न थांबवता म्हणालात, मैत्रिणी हुत्या की तुझ्या. मी म्हटलं, म्हणून काय? तुम्ही म्हणालात, म्हणून काय म्हंजे? विद्यापीठातल्या पोरी त्या. मी म्हटलं, मग? मग काय, म्हणालात, आणि बादली उचलून निघून गेलात. मी पुढचं बोलायला हवं होतं, ते बोलले नाही. राग आला होता, आणि रागाखाली त्या ‘असेल’ची शरम होती. शरम असली की माणूस भांडण अर्धवट ठेवतो.

त्या पावसाळ्याच्या शेवटी एका नव्या म्हशीनं तुमच्या गुडघ्यावर लाथ मारली. गुडघा पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. दिवाळी आली तेव्हा तुम्ही काठीवर होता. पाडव्याला कोल्हापुरात म्हशींचा मान असतो. शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांच्या माळा, कपाळाला गोंडे, आणि मालकानं मोटरसायकलवरून हाळी देत पुढं जायचं. म्हैस गर्दीतून, फटाक्यांतून, त्या एका आवाजामागं पळत येते. दावं नाही, काठी नाही. ज्याची म्हैस पाठोपाठ येते त्याची छाती फुगते. तुम्ही दरवर्षी जायचा. त्या वर्षी म्हणालात, औंदा चंद्री घरातच राहू दे.

मी शिंगं रंगवली. आईनं कवड्यांची माळ काढली. मी तुमच्या गाडीची किल्ली घेतली तेव्हा तुम्ही काठी आडवी धरलीत. विद्यापीठातली पोरगी म्हशीफुडं गाडी पळवती म्हटल्यावर लोक काय म्हणतील, असं तुम्हाला वाटत होतं. आई म्हणाली, लोकं काय म्हणत्यात ते म्हशीला इचारा. तुम्ही काठी खाली घेतलीत.

आदल्या दिवशीच मी शिल्पाला फोन केला होता. ती दिवाळीला घरी गेलेली, पण पहिली एसटी धरून आली. रस्त्याच्या कडेला, तुमच्यापासून दहा पावलांवर ती उभी होती. मला बघून तिचा चेहरा कसा झाला ते गाडीवरून दिसलं. माईकवर बोलणाऱ्यानं विचारलं, ही कुणाची म्हैस? गाडीवर कोण, पावणं कुठलं? मी गाडी त्याच्याजवळ नेली, माईक मागून घेतला आणि तुमचं पूर्ण नाव सांगितलं. कट्ट्यावर दूध घालतात ते, म्हटलं. मी त्यांची पोरगी. एवढ्या वर्षांत तुमचं नाव एवढ्या मोठ्यानं कुणी घेतलं नव्हतं. मग मी गाडी पुढं पळवली आणि ओरडले, हो चंद्रेऽऽ. मला मागं बघायची गरज पडली नाही. तिच्या कवड्या वाजत होत्या.

परत आले तेव्हा शिल्पा तुमच्याजवळ उभी होती. तिनं वाकून नमस्कार केला होता म्हणे. काका, त्या दिवसाचं दूध अजून तोंडात हाय, असं काहीतरी म्हणाली. आणि तुम्ही तिला म्हणालात, ये की मग कट्ट्यावर, आता तू काय पावणी न्हाईस. तिला म्हणालात, मला नाही. चंद्रीच्या अंगावरून हात फिरवत राहिलात. बऱ्याच वेळानं म्हणालात, क्लच लई दाबतीस.

त्या रात्री तुम्ही आईला जे बोललात ते तिनं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. पोरगी त्या दिशी कट्ट्यावर लाजलीवती, पर आज भरून काढलंन, असं म्हणालात. तुम्ही मला माफ केलं होतं. मी लाजले, म्हणून तुम्ही मला सांभाळून घेतलं, आणि मग मी भरून काढलं, अशी तुमच्या मनात त्या सगळ्याची गोष्ट झाली होती, आणि तुम्ही त्या गोष्टीवर खूश होता.

तात्या, मी लाजायला आले नव्हते. मी तुम्हाला दाखवायला आले होते. हे मी तुम्हाला इतकी वर्षं सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर चूक तुमच्याकडं गेली असती. पोरगी मिरवायला आलेली आणि बापानंच तिला परकी केली, हे कळल्यावर तुम्ही त्यावर झुरला असता. मला दिलेली माफी तुमच्याकडं राहू दे, असं मला वाटलं. पण मी सगळी धुतल्या तांदळासारखी होते असंही नाही. तुम्ही मला वाट काढून दिलीत आणि मी त्या वाटेनं गेले. त्या ‘असेल’मध्ये लाज किती होती आणि गोंधळ किती, ते मला अजून नक्की सांगता येत नाही.

गुडघ्यानंतर तुम्ही बाकीच्या म्हशी विकल्यात, फक्त चंद्री ठेवलीत. एका म्हशीला वेळ तो किती लागणार. माझं एम.ए. होऊन पीएच.डी. सुरू झाली होती, आणि मी तुम्हाला तुमचंच गाव दाखवायला लागले. सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही, रंकाळ्याच्या कठड्यावर तुम्ही त्या आधी कधी बसलाच नव्हता. तुम्हाला तो म्हशी धुवायच्या काळापासून माहीत. पहिल्या दिवशी भेळेचा कागद हातात धरून तुम्ही पाण्याकडं तोंड करून बसलात आणि दहा मिनिटांनी विचारलंत, आता काय करायचं? मी म्हटलं, काही नाही, बसायचं. तुम्ही म्हणालात, नुसतं? पुढच्या आठवड्यात तुम्हीच मला फोन करून विचारलंत, बसायला कवा जायचं?

खासबागेत कुस्त्या बघितल्या. तिथं तुम्ही मला शिकवलंत, कारण निम्मे पैलवान तुमच्या दुधावर वाढलेले. नाटकाला गेलो, तिथं झोपलात. विद्यापीठात एकदाचे आत आलात, धुतलेली चप्पल घालून. ग्रंथालयात तुम्ही कुजबुजून बोलायला गेलात आणि तुमची कुजबूज शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू गेली. मोर बघून म्हणालात, ह्यास्नी वैरण कोण घालतंय? नव्या राजवाड्याच्या संग्रहालयात दरबाराचा एक जुना फोटो आहे, सगळे पगडी घालून बसलेले. त्याच्यासमोर तुम्ही खूप वेळ उभे राहिलात. मला वाटलं, राजांकडं बघताय. मग म्हणालात, “एवढी माणसं. ह्यास्नी दूध कोण घालत आसंल?”

माझ्या प्रबंधाचा विषय तिथं मिळाला. राजधानीचं गाव, तिथला दूध कट्टा, आणि त्यावर उभी राहिलेली माणसं. पुढची चार वर्षं तुम्ही बोललात आणि मी लिहून घेतलं.

याच काळात पुण्याच्या एका कॉलेजात मला नोकरी मिळत होती. मी गेले नाही. तुम्ही सगळ्यांना सांगत फिरलात की पोरगी माझ्यासाठी थांबली, आणि घरी माझ्यावर चिडलात की नुकसान करून घेतलंस. दोन्ही चूक, तात्या. मी कोल्हापूरसाठी थांबले. मला पाचला काम संपवून साडेपाचला रंकाळ्यावर असायचं होतं. मला नाटकाला चालत जायचं होतं आणि परत येताना त्या नाटकावर भांडायचं होतं. रविवारचा तांबडा-पांढरा रस्सा, विद्यापीठाच्या रस्त्यावरचं सकाळचं चालणं, मोर आडवा आला तर गाडीवाल्यांचंसुद्धा थांबणं. हे गाव एवढं मोठं आहे की हवं ते पुस्तक मिळतं, आणि एवढं लहान की पुस्तक देणाऱ्याला माहीत असतं मी कुणाची कोण. राजांची राजधानी होती ही. अजून इथला माणूस घाईत असला तरी चालताना घाई दाखवत नाही. मला त्या चालीत चालायचं होतं. पुण्याला मी पाहुणी झाले असते.

प्रबंध लिहून झाला तेव्हा मी तुम्हाला काही पानं वाचून दाखवली. त्यात जागोजागी येतं: माहितगार क्रमांक एक यांच्या म्हणण्यानुसार. तुम्ही विचारलंत, ह्यो एक नंबर कोण? लई बराबर बोलतोय. मी म्हटलं, तुम्ही. संशोधनात माणसांची नावं घालत नाहीत, अशी पद्धत असते. तुम्ही मान हलवलीत. बरं केलंस नाव न्हाई घातलंस, म्हणालात. मला तेव्हा काही वाटलं नाही. तुम्ही मला पावणं म्हणालात त्याला किती वर्षं झाली होती, आणि मी तुम्हाला क्रमांक एक केलं होतं. माझ्या मार्गदर्शक बाईंनी विचारलं होतं, हे तुमचे वडील आहेत हे लिहायचं का? लिहिलं तर निःपक्षपातीपणाचा प्रश्न निघेल, तयारी ठेवा. मी म्हटलं, नको, राहू दे. म्हणजे पुन्हा ‘असेल’.

तुम्ही गेलात त्याला आज एक महिना झाला. पंचगंगेच्या घाटावर तुम्हाला नेलं, शेण्यांवर अग्नी दिला. दरवर्षी होळीच्या आधी आपण घरच्या शेण्या भरून स्मशानाला द्यायचो, सगळं कोल्हापूर देतं तसं. मी लहानपणी विचारलं होतं, कुणासाठी? तुम्ही म्हणालात, ज्याला लागतील त्याला. यंदाच्या आईनं थापल्या होत्या, शेण चंद्रीचं. तिथं उभी असताना मला आपलं जुनं भांडण आठवलं. पाहुण्याला कुणी असं नेत नाही, तात्या. एवढं तरी आता मान्य करा. पेन्शनर काका आले होते. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, त्यांनी माझ्याबरोबर एकदा एक ग्लास घेतला होता.

चंद्रीनं चार दिवस आईला धार काढू दिली नाही. पाचव्या दिवशी मी तुमचा सदरा घालून बसले. तेव्हा तिनं पान्हा सोडला.

परवा माझी तोंडी परीक्षा झाली. पीएच.डी.ची तोंडी परीक्षा सगळ्यांसाठी खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं. तुम्ही यायचं कबूल केलं होतं, धुतलेली चप्पल घालून. आई आली, नऊवारी नेसून, पहिल्या रांगेत. गडहिंग्लजहून शिल्पा आली. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते, बारीक बघणारे. त्यांनी पानं उलटली आणि म्हणाले, हा माहितगार क्रमांक एक फार विलक्षण माणूस दिसतो. दुधाच्या ग्लासावरून अख्खं शहर वाचतो. तुमची आणि त्यांची ओळख कशी?

ओळख. शिल्पानं मागून श्वास घेतलेला मला ऐकू आला. मार्गदर्शक बाई टेबलाकडं बघत होत्या. इथं सावध उत्तर देता आलं असतं. क्षेत्रकामात झाली, असं म्हटलं असतं तर ते पुढं गेले असते. पास-नापास त्यांच्या हातात होतं, चार वर्षं त्या टेबलावर होती. आणि यावेळी माझ्या आधी बोलायला तुम्ही नव्हता.

मी म्हटलं, “ते माझे वडील. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशी घेऊन उभे राहायचे. हे मी प्रबंधात लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, ती माझी चूक आहे.”

परीक्षकांनी चष्मा काढला. मग वडिलांनी सांगितलेलं खरं कशावरून धरायचं, असं त्यांनी विचारलं, आणि ते विचारणं बरोबरच होतं. मी त्यांना वही दाखवली. तुम्ही सांगितलेली प्रत्येक गोष्ट मी दुसऱ्या दोन माणसांना विचारून ताडून घेतली होती. त्यात तीन ठिकाणी तुम्ही चुकला होता, तेही लिहिलेलं होतं. त्यांनी अर्धा तास मला पिळून काढलं. मी प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं. शेवटी ते म्हणाले, प्रस्तावनेत एक पान घाला, आणि त्यावर त्यांचं नाव लिहा. मग त्यांनी सही केली.

बाहेर आल्यावर एक फॉर्म भरायचा होता. त्यात वडिलांचा व्यवसाय असा रकाना होता. आई म्हणाली, शेती लिव. सवयीनं म्हणाली बिचारी. मी लिहिलं: दूध कट्ट्यावर म्हशीचं दूध घालत.

तात्या, प्रबंधाच्या पहिल्या पानावर आता तुमचं पूर्ण नाव आहे. तुमची रूपाली पीएच.डी. झाली.